अकरा नंबरच्या वर्गाची वही

आमच्या कॉलेजात अकरा नंबरच्या वर्गातल्या टेबलाच्या खणात एक जाड वही असते. ती पाहायला मिळेल का, असं पाहुणे हमखास विचारतात. इथले जुने शिपाई धोंडीमामा मान हलवून नाही म्हणतात आणि गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, मराठीच्या सरनाईकबाईंनी ती सुरू केली. हजेरीआधी प्रत्येकाने आभाराची एक ओळ लिहायची आणि बाईंनी ती मोठ्याने वाचायची. मुलं हसत, मोकळी होत. ‘मेसच्या आमटीचे आभार, तिच्यात पोहायला शिकलो,’ असं एकाने लिहिलं तेव्हा बाईही हसल्या. त्या वर्गाचं नाव इतकं झालं की वही पाहायला बाहेरून पाहुणे येणार असं ठरलं.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी वसतिगृहातल्या वैजयंताने लिहिलं, ‘आज आभार मानावेत असं काही सापडत नाही. फार भीती वाटते. बाई, माझ्याशी बोलाल का?’

बाईंनी ब्लेडने ते पान काढून घेतलं. “पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही गं. उद्या काहीतरी चांगलं लिही. मग आपण निवांत बोलू.”

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, ‘बाईंचे आभार.’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. निवांत वेळ काही आली नाही. आठवड्याने वैजयंता ट्रंक घेऊन गावी गेली.

दिवाळीनंतरही ती परतली नाही, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. भिंतीवर तिच्या फोटोला हार होता.

आई म्हणाली, “मी विचारायची, बाईंना सांगितलंस का? तर म्हणायची, लिहून दिलंय. तुम्ही वाचलं नाही का, बाई?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं, असं धोंडीमामा सांगतात. त्या म्हणाल्या, “वाचलं होतं.”

आईने पाण्याचा भरलेला तांब्या आणला होता. तो तिने तसाच आत नेला.

कापलेलं पान बाईंनी जपून ठेवलं होतं. परत आल्यावर नव्या वहीत पहिल्याच डाव्या पानावर त्यांनी ते चिकटवलं आणि वर्गाला शब्द दिला. आभार उजवीकडे लिहायचे. डावं पान ज्याला आभार सापडत नाहीत त्याचं. ते शिक्षकाने आधी वाचायचं, मनात वाचायचं, आणि त्याच दिवशी त्या मुलाशी बोलायचं. पुढे चौदा वर्षं बाई शिकवत होत्या. त्या वहीतली एकही ओळ त्यांनी पुन्हा मोठ्याने वाचली नाही.

आजही डाव्या पानावर काही लिहिलेलं असेल तर त्या तासाला हजेरी होत नाही. शिक्षक एका मुलाला घेऊन व्हरांड्यात बसतात, आणि उरलेला वर्ग थांबतो. पाहुणे असले तर तेही थांबतात. त्यांना चहा मिळतो, ही गोष्ट ऐकायला मिळते. वही मात्र त्यांच्यासाठी उघडत नाहीत.