तहानरावांचं झाकण

आमच्या साप्ताहिकात 'वाटसरू' या टोपणनावाने एक लेख आला. गावाच्या टाकीचं पाणी कोणी 'तहानराव' रोज आपल्या संत्र्याच्या बागेत वळवतो, असं त्यात होतं. लिहिणारा पाणीखात्यातला कारकून होता. त्याचं नाव फुटलं असतं तर नोकरीच गेली असती.

दुसऱ्या सकाळी नगराध्यक्ष भाऊसाहेब दळवी माणसं घेऊन कचेरीत घुसले. गाव तहानलेलं, आणि वर ही मिजास!

"बाई, माझी बदनामी करणाऱ्याचं खरं नाव सांगा! टोप, टोपी, टोपण, सगळी झाकायचीच साधनं. हिंमत असेल तर म्हणावं, झाकण काढून समोर ये!"

संपादक वत्सलाबाई प्रुफं तपासत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"अर्थ अगदी बरोबर सांगितलात, भाऊसाहेब. म्हणूनच मी दोघांवर झाकण ठेवलं होतं. वाटसरूवरचं अजून जागेवर आहे. तहानरावांवरचं मात्र तुम्ही आत्ता चार माणसांदेखत स्वतःच्या हाताने उचललंत. मग, पुढच्या अंकात खरं नाव छापू का?"

भाऊसाहेब माणसांना घेऊन जिना उतरले. संध्याकाळी गावातल्या नळांना धो धो पाणी आलं.

तीस वर्षं बातमीदार म्हणून पुढाऱ्यांशी भांडून मला जे जमलं नाही, ते बाईंनी हातातलं पेन खाली न ठेवता केलं.