नेमूअण्णांचा फोन

“पण तुमचाच फोन का, अण्णा? अजून चाळीस शिल्लक आहेत.”

“त्यातल्या एखाद्याला हात लावशील का आता?”

“नाही,” केदार म्हणाला.

“मग हाच कर,” नेमूअण्णा म्हणाले आणि त्यांनी चाचपत आपला फोन त्याच्याकडे सरकवला.

दूध संघाच्या कार्यालयात येणारा प्रत्येक फोन आधी नेमूअण्णा घेत. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं, पण कोणाला कुठे जोडायचं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. केदार मगदूम इथे नोकरीला लागला, तेव्हा इमारतीतली एकेक लाइन त्याला अण्णांनीच ओळखायला शिकवली. मग इंटरनेटवरचे फोन आले, आणि केदारला वाटू लागलं की अण्णांकडून शिकण्यासारखं आता काही उरलं नाही.

आज सकाळपर्यंत वाटत होतं.

काम तसं साधं होतं, सगळ्या फोनचं सॉफ्टवेअर बदलायचं. खालच्या खोलीतल्या सर्व्हरवर नवी फाईल ठेवायची. फोन बंद करून चालू केला, की तो जागा होताच सर्व्हरला विचारतो, माझ्यासाठी काही नवं आहे का? असेल ते आपलं आपण उतरवून घेतो.

केदारने आधी दोन फोनवर हे करून पाहिलं. दोन्ही मेले.

“माझं काही चुकलं नाही, अण्णा. फाईल चारदा तपासली.”

“मग मेले कसे?”

“स्क्रीन काळी पडली. पाच मिनिटं थांबलो. मग वायर उपटून परत लावली...”

“काळी पडली म्हणून उपटलीस? आतलं काम चालू असताना?”

“मग काय करणार?”

“माझी तर हा फोन आला त्या दिवसापासून काळीच आहे. मी उपटली का कधी?”

केदारला हसू आलं नाही. अण्णांच्या फोनसारखी मोठी, उठावाची बटणं आता कुठे मिळत नव्हती. साहेबांनी तर सांगूनच ठेवलं होतं, हा बिघडला तर दुसरा घ्यायचा नाही, रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा. मग अण्णांनी या खुर्चीत बसायचं कशाला?

“अण्णा, साहेब...”

“साहेबांचं मला माहीत आहे. लाव.”

केदारने वायर काढली, पुन्हा लावली. स्क्रीन उजळली. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकली... आणि सगळं काळं झालं.

त्याचा हात वायरकडे गेला. अण्णांचा हात तिथे आधीच होता. त्यांनी केदारचा हात घट्ट धरला.

“आईचा गुडघा कसा आहे?”

“आं?... बरा आहे. चार मिनिटं झाली, अण्णा.”

“तेल चोळून देतोस का?”

“देतो. सहा झाली.”

“मला काय सांगतोस? मला कुठे घड्याळ दिसतंय!”

फोन निपचित होता. ना दिवा, ना आवाज...

“अण्णा, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की. म्हणून तर तुझा हात धरलाय.”

मग हळूच, आपण होऊनच, केदार आईबद्दल सांगू लागला. जिना चढवत नाही, तरी कुरडया वाळत घालायला गच्चीवरच जाते. वर गेली की उतरता येत नाही म्हणून तिथूनच हाका मारते. अण्णा गालातल्या गालात हसत ऐकत होते. मिनिटं मोजायची राहून गेली.

स्क्रीन पांढरी झाली. मग तारीख आली, वेळ आली... आणि लगेच घंटी वाजली.

अण्णांनी एका हाताने रिसीव्हर उचलला, खांद्याशी धरला. “नमस्कार, दूध संघ.” पलीकडचं ऐकून घेतलं, बोट तिसऱ्या ओळीवर नेलं, बटण दाबलं. फोन जोडला गेला.

केदारने खाली मान घातली.

“अण्णा, आता तरी सोडा की माझा हात.”

“मी मघाशीच सोडला. धरून तू बसलायस, बाळ.”