येसबाच्या वहाणा
शिकारीला बंदी नव्हती त्या काळी येसबा शिकाऱ्याच्या भिंतीवर दोन बंदुका टांगलेल्या असत. एक जाड गोळीची, दुसरी बारीक गोळीची. एकदा पिसाळलेल्या गव्याने गावातला गुराखी मारला. आता गव्यावर कोणी जायचं, यावरून दोघी भांडू लागल्या.

“माझ्या एका गोळीत गवा आडवा होईल,” जाडी म्हणाली.

“पण तुझा धक्का एवढा, की बार काढताना मालक डोळेच मिटतो,” बारकी म्हणाली. “माझी गोळी नेमकी लागते.”

“लागते, आणि गव्याच्या कातडीतच अडकते!”

उंबऱ्यापाशी पडलेल्या वहाणा वैतागल्या. “दोघी खरंच बोलताय. पण तुम्ही बार काढून मोकळ्या होता. जखमी जनावराच्या रक्तामागे रानभर आम्ही फिरतो. त्याचं कण्हणं कधी ऐकलंय तुम्ही?”



सकाळी येसबाने जाडी उतरवली, पण तो रानात गेला नाही. बांधावर भोपळा ठेवून बार काढत बसला. खांदा काळानिळा पडला तरी थांबेना. शेवटी पाटील चिडून आले.

“अरे येसबा, भोपळे कसले मारतोस? गव्यावर कधी जाणार?”

“डोळे मिटायचे थांबले, की निघालोच, पाटील.”