राणीची सावली

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसं जपून बोलत, राजा रुद्रसेनाच्या घरी इंदुलेखा नावाची नवी राणी आली. त्या राजवाड्यावर एका मांत्रिकाचा शाप होता. इथली जी स्त्री आपली इच्छा गिळेल, तिच्यातलं काही ना काही मांत्रिकाचं होईल.

राणीला हे कोणी सांगितलं नाही. दासीने विचारलं, महाल पूर्वेचा की पश्चिमेचा? ती म्हणाली, "काहीही चालेल." तिची सावली गेली. शालू हिरवा की जांभळा? "काहीही चालेल." आरशातलं रूप गेलं. मग पैंजणांचा आवाजही गेला, तेव्हा राजमाता कौतुकाने म्हणाल्या, "सून किती शांत मिळाली."

एका सकाळी राणीला स्वतःची बोटं दिसेनात. खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, असंच चाललं तर तुम्ही उरणार नाही. मांत्रिकाकडे चला."

साळुंकी पुढे, राणी मागे. द्वारपालांनी अडवलं नाही; सावली नाही, पैंजणांचा आवाज नाही, त्यांना ती जाणवलीच नाही.

मांत्रिक डोंगरावर बसला होता. शेजारी तिची सावली घडी घालून ठेवलेली.

"तीन प्रश्न," तो म्हणाला. "खऱ्या उत्तराला एकेक वस्तू परत. काय खाशील?"

"आपण द्याल ते."

तिचा हात कोपरापर्यंत नाहीसा झाला. साळुंकी चिडली. "अहो, हा काय तुमचा सासरा आहे?"

राणीने विचार केला. बराच वेळ काही सुचेना, आणि त्याचीच तिला भीती वाटली. शेवटी ती म्हणाली, "कैरी. मीठ लावून."

हात दिसू लागला. सावली पायाशी येऊन बसली.

"काय खुपतं?"

"माहेरून आणलेलं चाफ्याचं रोप महाराजांनी उपटायला लावलं. तिथे हत्तींचा हौद केला. त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं."

मांत्रिकाच्या कमंडलूत तिला आपला चेहरा दिसला. तो रडत होता.

"राग कोणावर?"

"महाराजांवर. त्याहून जास्त माझ्यावर."

"मग मला कशाला सांगतेस? ज्याचा राग त्याला सांग. तिसरी वस्तू तिथे मिळेल."

राणी भर दरबारात उभी राहिली. "महाराज, चाफा उपटलात ते मला आवडलं नाही. मी खोटं हो म्हटलं, तेही आवडलं नाही."

"आम्ही विचारलं होतं," राजा म्हणाला.

"विचारलंत. उत्तर यायच्या आधी मजूर पाठवलेत."

दरबार खाली बघू लागला. राजाही. मग त्याने हळू विचारलं, "आता काय हवं?"

राणीने पाय हलवला आणि पैंजण वाजले. उत्तर मात्र तिला लगेच सापडेना. राजा थांबला.

त्या शांततेत राजमाता म्हणाल्या, "मला कारलं आवडत नाही."

"आईसाहेब, तुम्ही रोज खाता," राजा म्हणाला.

"खाते."

भिंतीवर राजमातांची कधीची हरवलेली सावली उमटली. ती एका कोवळ्या नवरीची होती.

दोघींनी मनातलं बोलून टाकलं तसा शाप सुटला, राज्य आपल्या कामाला लागलं. त्या राज्यात अजूनही उत्तराला जरा उशीर लागतो, आणि विचारणारा तोवर जागचा हलत नाही.