रिकाम्या आसनांची संमती

पूर्वी वेतसपुरात राजा भद्रवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका श्रेष्ठीच्या कुळात जन्म घेतला होता व यथाकाल ते नगरसभेचे सभासद झाले होते. नगराच्या मधून नदी वाहत असे. अलीकडच्या तीरावर बाजार, कोठारे व वैद्यशाळा होती. पलीकडे कुंभार, बुरूड व रंगारी राहत. त्यांच्या येण्याजाण्यासाठी सभेच्या खर्चाने एक धर्मनाव चाले. उत्पला नावाची बुरुडीण आपल्या पतीच्या चिघळलेल्या पायाला लेप लावून घेण्यासाठी त्याला रोज याच नावेने आणी. लेप चुकला तर पाय कापावा लागेल, असे वैद्याने बजावले होते.

त्या वर्षी टोळधाडीमुळे करांचे उत्पन्न घटले. सभामुख्य धनपालित म्हणाला, "धर्मनाव बंद करू आणि त्या द्रव्यातून कोठारांपुढचा घाट बांधू. नाव गेली तरी आपले नाव राहील!"

सभासद हसले. त्या कोठारांतले सर्वांत मोठे बोधिसत्त्वांचे होते.

सभेची रीत अशी होती की, ठराव तीनदा पुकारावा. ज्याची हानी होत असेल त्याने हरकत घ्यावी. कोणी बोलले नाही तर मौन हीच संमती. दोन पुकारे झाले. पलीकडच्यांसाठी राखलेली आसने रिकामीच होती.

बोधिसत्त्वांनी विचारले, "ते का आले नाहीत?"

"काटकसर आजपासूनच सुरू केली आहे. नाव बांधून ठेवली आहे," धनपालित म्हणाला.

"मग माझी हरकत आहे."

"श्रेष्ठी, घाट तुमच्या दारात होतो आहे. तुमची कसली हानी? तिसरा पुकारा भोजनानंतर. जेवून या."

बोधिसत्त्व जेवावयास गेले नाहीत. त्यांनी नावेचा दोर सोडला व स्वतः वल्ही मारीत पलीकडे गेले. उत्पला आणि तिचा पती काठावरच होते. पतीला वैद्यशाळेत पोहोचवून ते उत्पलेसह सभेत आले, तेव्हा तिसरा पुकारा चालला होता.

"कोणी बोलत नाही, तेव्हा सर्वांची संमती..."

"गप्प होतो म्हणता?" उत्पला म्हणाली. "अहो, सकाळपासून ओरडून ओरडून घसा बसला माझा! तुमचे कान या तीरावर, आमची तोंडे त्या तीरावर. याला का संमती म्हणायचे?"

हानी होणाऱ्याची हरकत आली होती. ठराव पडला, नाव चालू राहिली व उत्पलेच्या पतीचा पाय वाचला. घाट मात्र झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात कोठारापुढच्या चिखलात बोधिसत्त्वांचे पुष्कळ धान्य भिजून वाया गेले. त्याबद्दल त्यांनी कोणाला बोल लावला नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी सोबत्याला न विचारता त्याचे मौन संमती म्हणून सांगणारा आजचा भिक्षू त्या वेळी धनपालित होता, त्या आजाऱ्याची बाजू मांडणारी भिक्षुणी उत्पला होती, आणि तो श्रेष्ठी मीच होतो. ज्याला विचारलेच नाही त्याच्या मौनातून मिळणारा लाभ नाकारणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय."