सारखंच गार, सारखंच कढत

बुरजावरच्या थंडगार दगडांवर उभं राहून पहारेकऱ्यांचे अनवाणी पाय सुजले. त्यांनी पायांखाली फळ्या मागितल्या, तर किल्लेदार हसले. "दगड आणि लाकूड एकाच हवेत पडलेलं. दोन्ही सारखंच गार!"

त्यांच्या पत्नी लाडूबाईंचा जीव त्या बिचाऱ्यांसाठी तुटला. सकाळी त्यांनी एकाच पातेल्यातलं कढत दूध दोन पेल्यांत ओतलं. तांब्याचा पेला उचलताच किल्लेदार ओरडले, "अगं, भाजलं!"

लाकडी पेला हातात धरून बाई शांतपणे म्हणाल्या, "दूध तर सारखंच कढत आहे. पण तांबं चटका देतं, लाकूड देत नाही. तसाच दगड पायांतली ऊब ओढून घेतो, लाकूड ती राहू देतं."

बोटांवर फुंकर घालत किल्लेदार म्हणाले, "सुताराला बोलवा. आणि पहाऱ्यावर दूध पाठवा, लाकडी पेल्यांतून."