रंग उडायची धास्ती

झाडं बोलायची आणि दुकानदार गिऱ्हाइकाशिवाय इतरांचंही ऐकायचे, त्या काळातली ही गोष्ट. रेवणशेठच्या साड्यांच्या दुकानात, कोवळं ऊन येणाऱ्या खिडकीशी एक मनीप्लांट होता. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे, जणू कुणी चुना उडवलाय! बायका साड्यांआधी त्यालाच बघायच्या, त्यामुळे स्वारी फुगलेली.

पण शेठ प्रत्येकीला बजावायचे, "ताई, उन्हात वाळवू नका हं, रंग उडेल!" ते ऐकून ऐकून मनीप्लांट धास्तावला.

"शेठ, मला इथून हलवा. माझ्या नक्षीचं वाटोळं होईल!"

"खरंच की! एवढा माल जपतो आणि तुलाच विसरलो," म्हणत शेठनी त्याला आतल्या काळोख्या कपाटात ठेवलं, वर मलमल पांघरली आणि शेजारी दोन डांबरगोळ्याही टाकल्या.

"आता मी पिढ्यान्‌पिढ्या टिकणार," तो कपाटातल्या जुन्या इरकल साडीला म्हणाला.

"टिकशील बाबा," ती म्हणाली. "मीही टिकलेय. नेसलं मात्र कुणी नाही."

पुढे नवी पानं फुटली, ती नुसती हिरवी. एक बाई कपाटात डोकावून हसली, "शेठ, साड्यांत पालक कधीपासून ठेवायला लागलात?"

मनीप्लांट रडकुंडीला आला. "शेठ, उन्हावाचूनच माझा रंग उडाला हो! खिडकीत न्या!"

शेठनी कुंडी उचलली, तशी इरकल म्हणाली, "शेठ, मलाही घ्या."

"अगं, तुझा रंग उडेल!"

"उडू दे. कुणी बघेल तरी."